धागा: रतनगड ते हरिश्चंद्रगड, कात्राबाईच्या खिंडीतून. आठ जण, चार दिवस. आराखडा तपासून द्या

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. दर्यापूर-अंजनगावकडचे आठ जण आहोत, वय २२ ते ५१, त्यात तीन महिला. सगळ्यांना रोज शेतात चालायची सवय आहे, पण ते चालणं सपाटीवरचं. सह्याद्रीत पाठीवर ओझं घेऊन सलग चार दिवस चालायचं आहे. तारीख संक्रांतीनंतरची धरली आहे. तोवर तूर घरात आलेली असते, कपाशीची मोठी वेचणी उरकलेली असते आणि हरभऱ्याला सोंगणीची घाई नसते.

सध्याचा आराखडा असा:

रात्री मूर्तिजापूरहून विदर्भ एक्सप्रेस, पहाटे इगतपुरी, तिथून घोटीमार्गे बारी.
पहिला दिवस: बारीतून कळसूबाई चढून-उतरून जीपने रतनवाडी.
दुसरा दिवस: रतनगड, मुक्काम गडावरच्या गुहेत.
तिसरा दिवस: रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई.
चौथा दिवस: पाचनईतून हरिश्चंद्रगड आणि त्याच दिवशी तोलार खिंडीतून खिरेश्वर. मग खुबी फाटा, कल्याण, परतीची गाडी.

कुठे चुकतंय ते स्पष्ट सांगा. सामान, पाणी, सराव याबद्दलही लिहा. दोन महिने हातात आहेत.

---

कातळपाऊल

पूर्णाकाठ भाऊ, मार्ग उत्तम निवडला आहे. दिवसांची वाटणी मात्र मोडणारी आहे.

आधी या मार्गाचा स्वभाव समजून घ्या. रतनवाडीला गाडीरस्ता आहे. कुमशेतला आहे. पाचनईला आहे, खिरेश्वरला आहे. म्हणजे कुणाचा पाय मुरगळला, कुणाला ताप आला तर त्या त्या गावातून जीप करून राजूर किंवा तालुक्याचं गाव अकोले गाठता येतं. मधून बाहेर पडायला वाट नाही असा एकच तुकडा आहे, रतनवाडी ते कुमशेत, म्हणजे कात्राबाईची खिंड. तिथे अर्ध्यात अडलात तर पुढे जायलाही तीन तास आणि मागे यायलाही तीन तास. सगळा आराखडा या एका दिवसाभोवती बांधायचा असतो: त्या दिवशी पाय ताजे हवेत, निघणं पहाटेचं हवं, पाठीवर पाणी पूर्ण हवं.

तुम्ही नेमकं उलटं केलं आहे. कळसूबाई १६४६ मीटर, बारीतून चढ साधारण आठशे मीटरचा. चढताना दम लागतो, तो दहा मिनिटं बसलं की जातो. खरं नुकसान उतरताना होतं. उतरणीवर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्यात त्याचे बारीक तंतू तुटतात. ते दुखणं लगेच कळत नाही, चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी भरात येतं. पहिल्या दिवशी कळसूबाई उतरलात, की मांड्या तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात वाईट अवस्थेत असतील, आणि तिसरा दिवस तुम्ही कात्राबाईला दिला आहे.

दुसरी चूक म्हणजे कुमशेतला न थांबता त्याच दिवशी पाचनई. हिशोब करून पाहा. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक नियम दिला: ताशी पाच किलोमीटर, आणि प्रत्येक सहाशे मीटर चढाला एक तास जादा. हा नियम धडधाकट, हलक्या माणसाचा. पाठीवर आठ-नऊ किलो, आठ जणांचा गट आणि सह्याद्रीतली दगडी वाट असेल तर ताशी तीन किलोमीटर आणि तीनशे मीटर चढाला एक तास धरा. रतनवाडी ते कुमशेत दहा-बारा किलोमीटर आणि पाचशे मीटर चढ धरला तरी चालण्याचेच पाच ते पावणेसहा तास होतात. थांबे, जेवण, वाट शोधणं मिळून साडेसात. तुम्ही निघणार गडावरून, म्हणजे आधी शिड्या उतरायला वेगळा दीड तास. त्यात पुढे पाचनईचे अडीच-तीन तास घातले की अंधार पडणारच.

आणखी एक बारकी गोष्ट. सूर्य तिकडे उशिरा उगवतो. नागपूरच्या घड्याळाने पाहिलं तर वीसेक मिनिटं, आपल्या विदर्भातल्या अकोल्याच्या मानाने बारा-तेरा मिनिटं. मावळतोही तितकाच उशिरा. पण दरीत असाल तर कड्याची सावली सूर्यास्ताच्या तासभर आधीच अंगावर येते आणि रानात लवकर दिसेनासं होतं. चार वाजता गावात शिरायचंच, असं ठरवून मागे मोजत या.

---

पूर्णाकाठ

दुखणं तिसऱ्या दिवशी येतं हे ध्यानात आलं नव्हतं. पण कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, आमच्यातल्या चौघांचा जीव त्यातच अडकला आहे. उलट दिशेने केलं तर? खिरेश्वरकडून सुरुवात आणि शेवट कळसूबाईने?

---

वर्धाकाठ

उलट दिशा जमते. विदर्भ एक्सप्रेस तशीच पुढे कल्याणला जाते, तिथून माळशेजची एसटी धरून खुबी फाटा. पण त्यात दोन अडचणी. एक, गाडीत रात्रभर अर्धवट झोप आणि त्याच दिवशी तोलार खिंडीचा मोठा चढ. दोन, शेवटच्या दिवशी कळसूबाई उतरून इगतपुरीची रात्रीची गाडी गाठायची, म्हणजे उतरताना घाई होणार. दमलेल्या पायांनी घाईत उतरणं यात सगळ्यात जास्त घोटे मुरगळतात.

कळसूबाई वेगळ्या वेळी करा. ती एका दिवसात होते, त्यासाठी चार दिवसांचा मार्ग धोक्यात घालू नका.

आरक्षणाचं: आता साठ दिवस आधीच खिडकी उघडते, पूर्वीसारखी एकशे वीस नाही. संक्रांतीनंतरच्या दिवसांची तिकिटं त्याच सकाळी काढा. आठही जणांचं एकाच तिकिटावर होत नाही, एका अर्जावर सहाच नावं बसतात, म्हणून चार-चार करा. परतीची गाडी कल्याणहून रात्री आहे, मूर्तिजापूरला पहाटे उतरता.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. रेल्वेत गॅसचं सिलिंडर, अगदी छोटं डब्याएवढं सुद्धा, नेता येत नाही. रॉकेल-पेट्रोलही नाही. तो कायद्याने गुन्हा आहे आणि भरल्या डब्यात त्याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. तुमचा स्वयंपाकाचा विचार यावरूनच ठरवा.

---

रानवाट_अकोट

राजेहो, येक गोष्ट पह्यले डोक्यात पक्की करा. आपल्याइकडं रानात वाट चुकली का मानूस काय करते? नाला धरते. नाल्यानं खाली खाली गेलं का शेत येते, पांदण येते, गाव येते. लहानपणापासून हेच शिकलो आपन.

सह्याद्रीत हे करू नोका. तिथं नाला धरला का कडा येते.

काहून, तं तो सारा डोंगर लाव्हाच्या थरायचा हाय. येक थर टनक, येक थर ठिसूर, असे येकावर येक आडवे. पानी ठिसूर थर खाऊन टाकते, टनक थर तसाच उभा राह्यते. म्हनून नाल्यात पह्यले शंभर-दोनशे फूट चांगलं उतरता येते, मंग येकदम भिंतीसारखी उडी. तुम्ही तीन उड्या मारून खाली गेलेले असता, चौथी उतरता येत नाही अन् मागची तिसरी चढता येत नाही. मानसं अडकतात ते अशेच. ज्याले वाट चुकली तो वर जाईन, मागं जाईन, पन नाल्यानं खाली जानार नाही, असं आठही जनायच्या मनात बसवा.

---

कातळपाऊल

रानवाट भाऊंनी लाखमोलाचं सांगितलं. त्याला जोडून वाट ओळखण्याबद्दल.

रतनवाडीत अमृतेश्वराच्या देवळापासून निघालं की प्रवरेच्या काठाने, मग रानातून चढत वाट जाते. वर एक फाटा लागतो. उजवीकडची वाट रतनगडाच्या शिड्यांकडे, सरळ जाणारी कात्राबाईच्या खिंडीकडे. गडाची वाट मळलेली, रुंद, माणसांची वर्दळ असलेली. खिंडीची वाट त्या मानाने अरुंद. सवयीने पाय रुंद वाटेकडे वळतात, म्हणून फाट्यावर सगळे जमल्याशिवाय कुणीही पुढे जायचं नाही.

चुकायची खरी जागा चढ नाही. चढावर एकच वाट असते. चुकतात ते सपाटीवर, कारवीच्या रानात. कारवी डोक्याइतकी वाढते, तिच्यातून गुरांच्या वाटा सगळीकडे फुटलेल्या असतात. गुरवाट कशी ओळखायची? ती शक्यतो चढत नाही, डोंगराच्या अंगाला समांतर जाते, कारण जनावर चारा हुंगत चालतं. तिच्यावर शेण असतं, ती रुंद सुरू होते आणि पुढे तीन-चार फाटे फुटून विरते. माणसांच्या वाटेवरचा दगड नीट पाहा. ज्या टोकावर पाऊल पडतं ते टोक घासून गुळगुळीत झालेलं असतं आणि आजूबाजूच्या काळ्या, शेवाळाच्या डागांच्या दगडापेक्षा राखाडी-पांढरट दिसतं. वाकून बोट फिरवलं तर फरक हाताला कळतो. पुढच्या पंधरा मिनिटांत अशी एकही खूण दिसली नाही, तर शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे या. "थोडं पुढे पाहू" असं म्हणण्यातच तास जातो.

मोबाइलवर नकाशा आणि मार्गाची रेघ घरीच उतरवून घ्या, रेंज बऱ्याच ठिकाणी नसते. फोन विमान-मोडवर ठेवला तरी स्थान दाखवतो आणि बॅटरी दोन दिवस पुरते.

तरीही कात्राबाईसाठी रतनवाडीतला वाटाड्या घ्याच. आठ जणांना एक पुरे. कुमशेतपर्यंत सोडायचं ठरवा आणि त्याच्या परतीच्या दिवसाची मजुरी त्यातच धरा, कारण त्याला दुसऱ्या दिवशी तेवढंच चालून घरी जायचं असतं. घासाघीस करू नका. वाटाडा पुढे, सगळ्यात अनुभवी माणूस शेवटी, आणि सगळ्यात हळू चालणारा दुसऱ्या क्रमांकावर. हळू माणूस मागे ठेवला की पुढचे थांबून विश्रांती घेतात, तो पोचला की लगेच निघतात आणि त्याला विश्रांती मिळतच नाही.

---

सोनकी

पाणी आणि तब्येतीबद्दल लिहिते.

जानेवारीच्या मध्यापर्यंत रानातले बरेच ओढे आटतात किंवा डबक्यांवर येतात. वाटेत पाणी मिळेल असं धरूनच चालू नका. कात्राबाईच्या दिवशी माणशी चार लिटर घेऊन निघा, बाकी दिवशी तीन. चार लिटर म्हणजे चार किलो, हे ओझ्याच्या हिशोबात आधीच धरा. वाटाड्याने दाखवलेलं डबकं असेल तर पाणी दुपदरी धुतलेल्या सुती कापडातून गाळून क्लोरीनची गोळी टाका आणि अर्धा तास थांबा. तो अर्धा तास चुकवायचा नाही. पाणी गढूळ असेल तर गोळीचं काम अर्धवट राहतं, म्हणून गाळणं आधी. गडावर पाण्याची टाकी पुष्कळ आहेत पण सगळी पिण्याची नाहीत. कोणतं टाकं पिण्याचं ते गावकऱ्यांना विचारूनच बाटली बुडवा.

आपण उन्हाळ्यातली माणसं, जानेवारीत तहान लागत नाही म्हणून पाणी पीत नाही. चढावर गार वाऱ्यात घाम लगेच वाळतो, गेलेला कळत नाही. दर अर्ध्या तासाला चार-पाच घोट, तहान असो नसो. मीठ-साखरेच्या पुड्या माणशी रोज एक. पुडीवर लिहिलेल्या मापाचंच पाणी घाला. एक लिटरची पुडी अर्ध्या बाटलीत घातली तर क्षार जास्त होऊन उलटी येते.

महिलांसाठी वेगळं. लघवीला जायला आडोसा नाही म्हणून पाणी कमी पिणं ही सगळ्यात सर्रास चूक आहे. त्यातून डोकं दुखतं, पोटऱ्यांत वांब येतात, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होतो. गटानेच ठरवून घ्या की दर दीड तासाला दहा मिनिटं थांबायचं आणि पुरुष मंडळींनी पुढे वळणापलीकडे जाऊन बसायचं. पाळीची तारीख जवळ असेल तर वापरलेले पॅड परत आणायला कागद, वर काळी पिशवी, आणि वास येऊ नये म्हणून आत मूठभर राख किंवा खाण्याचा सोडा. रानात पुरू नका, जनावरं उकरतात.

औषधाच्या पिशवीत: चिकटपट्टीची रुंद गुंडाळी (टाचेसाठी), दाबपट्टी दोन, जंतुनाशक मलम, पॅरासिटामॉल, जुलाबाची आणि उलटीची गोळी, मधमाशी चावल्यावर घ्यायची ॲलर्जीची गोळी. बीपी-साखरेची औषधं दोन ठिकाणी विभागून ठेवा, एक पिशवी हरवली तरी अडायला नको. टाचेला जिथे चुरचुरेल तिथे फोड यायच्या आधीच पट्टी लावा. फोड आल्यावर लावलेली पट्टी फक्त झाकते.

साप चावला तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. तो अवयव हलणार नाही असा काठीला बांधा, अंगठी-पैंजण काढा, माणसाला न चालवता गावात आणा आणि १०८ ला फोन. सकाळी बूट झटकून घाला.

---

तेंदूपान

मोहोळाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. गडांच्या कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. अत्तर, वासाचं तेल, धूर, शेकोटी, आरडाओरडा यातलं काहीही नको. अभयारण्य आहे, जाळ करायला तशीही बंदी आहे. माश्या उठल्या तर हात झाडू नका. मारलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या पिसाळतात. तोंड आणि मान कापडाने झाकून, पायाखाली पाहत, कड्यापासून लांब दाट झाडीत शिरा.

---

पूर्णाकाठ

सगळ्यांचे आभार. कळसूबाई वगळली, चौघांनाही पटलं. आता सामान. पाठीवर किती आणि काय? आणि सिलिंडर नाही तर जेवण कसं?

---

वर्धाकाठ

जेवण गावातच. रतनवाडी, कुमशेत, पाचनई तिन्हीकडे घरगुती भाकरी-भाजी, पिठलं, भात मिळतो, पण आठ जणांचं आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. हरिश्चंद्रगडावरही देवळापाशी आणि कोकणकड्याकडे पाचनईकरांच्या झोपड्या-तंबू असतात. रोख पैसे घ्या, शंभर-दोनशेच्या नोटांत. यूपीआयला रेंज लागते.

दुपारचं मात्र पाठीवर. आपल्याकडची दशमी याला सगळ्यात चांगली. दुधात-गुळात भिजवलेल्या कणकेची, तेलाचा हात लावून खरपूस भाजलेली, तीन दिवस टिकते. पाण्यात भिजवलेली पोळी दुसऱ्या दिवशी चिवट होते आणि बंद डब्यात तिला बुरशी धरते. दशमी पूर्ण गार झाल्याशिवाय बांधू नका. गरम बांधली की आतली वाफच तिला आंबवते. सोबत जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी, कोरडी, कांदा-लसूण कमी. माणशी रोजचं वाटेवरचं खाणं: चार दशम्या, शंभर ग्रॅम शेंगदाणे-फुटाणे, पन्नास ग्रॅम गूळ, दोन संत्री. संत्री आपल्याकडे आंबिया बहाराची तेव्हा संपत आलेली असतात, मिळाली तर बघा. सालं परत आणा.

---

रानवाट_अकोट

वजनाचं मी सांगतो. पान्यासगट आठ, लय झालं तं साडेनऊ किलो. मानूस पन्नास किलोचा असन तं त्याले आठच. जे निंगते ते असं: वळकटी अन् झोपायची पिशवी दीड ते दोन किलो, कपडे दीड, खानं दीड, पानी तीन-चार, बाकी सारं अर्धा किलो.

गोधडी नेऊ नोका. उबदार हाय पन अडीच-तीन किलोची, अन् दव पडलं का ओली होऊन चार किलोची होते.

पिशवीच्या आतून प्लास्टिक लावा. खताच्या पोत्यातली आतली पिशवी मजबूत असते, पन ती दोनदा साबनानं धुवा, उन्हात वायवा अन् तिच्यात फक्त कपडे टाका. खान्याचं तिच्यात कधीच नाही. तोंड पिळा मारून दुमडा, गाठ नोका मारू, अंधारात सुटत नाही.

बूट नवे घेऊन थेट जाऊ नोका. दोन महिने हायेत, तं साठ-सत्तर किलोमीटर त्याच बुटानं चाला. उतरतांना पाय पुढं सरकते, म्हनून बूट अर्धा नंबर मोठा अन् नखं चार दिवस आधी कापलेली. नाही तं अंगठ्याचं नख काळं पडते.

थंडी आपल्याइतकीच, पन वारा वेगळा. कड्यावरचा वारा अंगातून जाते. जाड स्वेटर येक घेन्यापेक्षा दोन पातळ अन् वरून वारं अडवनारं जाकीट.

---

कातळपाऊल

सरावाबद्दल. सपाटीवर रोज दहा किलोमीटर चालून या मार्गाची तयारी होत नाही, कारण चालणं तयार असतं आणि उतरणं तयार नसतं. शाळेचा किंवा ग्रामपंचायतीचा मजली जिना बघा. वीस पायऱ्या, प्रत्येक सोळा सेंटीमीटर, म्हणजे एका फेरीत जवळपास सव्वातीन मीटर चढ. पहिल्या आठवड्यात तीस फेऱ्या, आठवड्यातून तीनदा. दर आठवड्याला दहा वाढवा. आठव्या आठवड्यात शंभर फेऱ्या म्हणजे तीनशे वीस मीटर. पाठीवरचं ओझं चौथ्या आठवड्यापासून. जिना उतरताना पूर्ण पाऊल टेकवून, गुडघा किंचित वाकलेला ठेवून, आवाज न करता उतरा. पायाचा आवाज येतो तेव्हा धक्का गुडघ्याला बसत असतो.

रविवारी डोंगर हवा. नरनाळा तुम्हाला जवळ आहे, शहानूरच्या नाक्यावर वनखात्याची नोंद करून वर जाता येतं. तिकडे सालबर्डी, मुक्तागिरी. मेळघाटाच्या गाभ्यात सरावाला पायी शिरू नका, तो व्याघ्र प्रकल्प आहे, परवानगीशिवाय चालणं गुन्हा आहे आणि जिवाला धोका आहे. शेवटच्या तीन आठवड्यांत एकदा तरी शनिवार-रविवार सलग दोन्ही दिवस चढ-उतार करा. पहिल्या दिवशी कोण चढतो ते सगळ्यांनाच दिसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोण जिना उतरू शकतो ते पाहायचं आहे.

ओझ्यासाठी पाण्याच्या बाटल्या भरा. चढून गेलं की अर्धं पाणी एखाद्या झाडाला घाला आणि हलकं होऊन उतरा. चौथा-पाचवा आठवडा असं, म्हणजे गुडघे सांभाळले जातात. शेवटचे तीन आठवडे वजन घेऊनच उतरायचं. जाण्याच्या सहा दिवस आधी सराव थांबवा.

---

पूर्णाकाठ

सुधारलेला आराखडा:

पहिला दिवस: पहाटे इगतपुरी, घोटीहून जीप, दहापर्यंत रतनवाडी. ओझी घरात ठेवून अकराला रतनगड, दोनपर्यंत माथा, पाचच्या आत खाली. मुक्काम रतनवाडी.
दुसरा दिवस: सकाळी साडेसहाला वाटाड्यासोबत कात्राबाई, दोन-अडीचपर्यंत कुमशेत. मुक्काम कुमशेत.
तिसरा दिवस: कुमशेत, पाचनई, दुपारनंतर हरिश्चंद्रगड. मुक्काम गडावर.
चौथा दिवस: तोलार खिंड, खिरेश्वर, खुबी फाटा, कल्याण.

पहिल्या दिवशी रतनगड उतरल्याने मांड्यांचं दुखणं येणार नाही का?

---

कातळपाऊल

येईल, पण चढ कळसूबाईपेक्षा बराच कमी, साडेपाचशे मीटरच्या आसपास, आणि पाठ रिकामी. सरावात शंभर फेऱ्या झाल्या असतील तर निभावतं. दोन पर्यंत माथा झाला नाही तर नेढ्यापर्यंत, म्हणजे माथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकापर्यंत, जाण्याचा मोह सोडा, तिथूनच वळा. शिड्यांवर एका वेळी एकच माणूस, तोंड शिडीकडे, उतरतानाही. रविवार टाळा, शिड्यांपाशी तासतास रांग लागते.

तिसऱ्या दिवशी कुमशेतहून साताला निघा. पाचनईत साडेदहापर्यंत जेवून घ्या, वनखात्याची नोंद आणि शुल्क तिथेच. कड्याच्या पोटातून जाणारी ती वाट सोपी आहे, अडीच-तीन तासांत देवळापाशी. मुक्कामाचे नियम नाक्यावर विचारूनच वर जा. संध्याकाळी कोकणकड्यावर जाल तेव्हा काठापासून चार-पाच फूट आधीच थांबा, पाहायचं तर ओझं उतरवून पोटावर झोपून. कडा आतल्या बाजूला वळलेला आहे, आपण उभे असतो त्या दगडाखाली पोकळी असते, हे वरून कळत नाही. नळीच्या वाटेने किंवा साधले घाटाने उतरायचा विचार कुणी सुचवला तर नकार द्या, ते वेगळ्या तयारीचं काम आहे.

---

वर्धाकाठ

चौथा दिवस मागून मोजला. गाडी कल्याणला रात्री आठच्या सुमारास. खुबी फाटा ते कल्याण तीन तास, एसटीची वाट पाहायला एक, आणि उशीर झाला तर म्हणून दीड तास हाताशी. म्हणजे फाट्यावर अडीचला हवेत. खिरेश्वर ते फाटा पाच किलोमीटर, धरणाच्या भिंतीकडेने, सव्वा तास. खिरेश्वरहून सव्वा वाजता निघायचं, जेवण धरून तिथे साडेबाराला पोचायचं. गडावरून उतरायला चार तास धरा. म्हणजे साडेआठच्या आत निघायचंच. गडावरच्या तारामती शिखरावर सूर्योदय पाहायचा असेल तर साडेपाचला उठा, नाही तर सोडा.

---

सोनकी

तोलार खिंडीच्या वरचा कातळाचा टप्पा दमलेल्या पायांनी उतरायचा आहे. रेलिंग आहे, पण सकाळी दवाने लोखंड आणि कातळ दोन्ही निसरडे असतात. हातमोजे असतील तर तिथे काढा. पाठीवरून बाहेर लोंबणारी वळकटी, कपडे, बाटली सगळं आत घ्या, रेलिंगला अडकून तोल जातो.

---

पूर्णाकाठ

शेवटचं एक. तोलार खिंडीत दोन बाजूंनी वाटा फुटतात म्हणतात. खिरेश्वरची कोणती?

---

कातळपाऊल

खिंडीत वाघाचं कोरीव शिल्प आहे, ते दिसलं की खिंडीत आलात हे नक्की. तिथून एक वाट राजूरच्या अंगाला, कोथळ्याकडे उतरते आणि दुसरी खिरेश्वरला. खिरेश्वरच्या बाजूने खाली पिंपळगाव जोग्याच्या धरणाचं पाणी दिसतं. पाणी समोर ठेवून उतरा. धुकं असेल तर शिल्पापाशीच बसा, विरळ होऊ द्या, आणि आठ डोकी मोजून मगच पाय उचला.